‘सुटले’ कोणी म्हणायचं?

आबा गेले त्या दिवशी अंगणात आलेला प्रत्येक माणूस एकच शब्द बोलला. सुटले. मातीला आलेले सोयरे म्हणाले, शेजारच्या काकू म्हणाल्या, ज्यांच्या दुकानात आबांची उधारी होती ते किराणावालेही म्हणाले, “सुटले बिचारे.” त्यात चूक काही नव्हतं. चौदा महिने तोंडाचा कॅन्सर, शेवटचे तीन महिने नाकातल्या नळीतून डाळीचं पाणी, गालाला पडलेलं भोक. खर्रा खाणाऱ्या आमच्या भागात असं मरण कोणाला नवीन नाही.

तेरवी झाली, मंडप निघाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. त्या रात्री आजी माझ्याशेजारी बाजेवर आडवी झाली. बऱ्याच वेळाने अंधारात म्हणाली, “मीबी सुटली वं माय.” आणि एकदम उठून बसली. माझा हात धरला. “हे कोणाले सांगू नको.”

मी सांगितलं नाही. आजी गेल्यालाही आता काही वर्षं झाली, म्हणून आज लिहितेय. तरी हात जरा अडखळतो.

घरात कोणी गंभीर आजारी असताना जी म्हातारी माणसं उशाशी बसतात, त्यांच्या दुःखावर उपचार असतो, निदान असायला हवा, हा विचार जगात फार जुना नाही. तो कुठून आला आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावापर्यंत किती पोचला, ते शोधायला मी आजीच्या त्या वाक्यापासून सुरुवात केली.

*

आधी शब्दाची अडचण. इंग्रजीतल्या ‘केअरगिव्हर’ला मराठीत नीट शब्द नाही. ‘काळजीवाहक’ सरकारी पत्रकात असतो, तोंडात कोणाच्याच नसतो. बोलताना आपण क्रियापद वापरतो: करणं. “म्हाताऱ्याचं कोण करतं?” “सून करते.” “तिनं सासूचं फार केलं हो.” काय केलं ते सांगावं लागत नाही. हगणं-मुतणं, कूस बदलणं, भरवणं, जखम धुणं, रात्री दोन वाजता उठून श्वास चालू आहे का ते पाहणं, सगळं त्यात आलं. आजी चौदा महिने आबांचं करत होती. ती तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती आणि तिचे स्वतःचे गुडघे गेलेले होते. तिला हे करताना काय होत होतं, हे विचारायला मात्र आमच्या घरात कोणाकडे शब्द नव्हता.

आपल्याकडे दुःखाचं वेळापत्रक मरणापासून सुरू होतं. दहा दिवस सुतक, दहावा, तेरवी, मग वर्षश्राद्ध. चूल कोणी पेटवायची, डबा कोणाकडून यायचा, सगळं ठरलेलं असतं. बाया गळ्यात पडून रडतात. तेरा दिवस माणूस एकटा पडत नाही. मानसोपचाराच्या पुस्तकांत ‘सोशल सपोर्ट’ या नावाखाली जे लिहिलेलं असतं, त्यातलं बरंचसं इथे बिनपैशाचं मिळतं. (याच तेरा दिवसांत बाईच्या बांगड्या फोडल्या जातात, कुंकू पुसलं जातं, हेही तितकंच खरं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि मग राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. सगळ्या गावांनी ऐकलं असं नाही.)

पण आजीचं दुःख तेरवीच्या चौदा महिने आधी सुरू झालं होतं. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या बाबांना आत बोलावलं आणि आजीला बाहेरच्या बाकावर बसवलं. बाबा बाहेर आले, म्हणाले, “बरं होईल म्हणतात.” आजीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. “मले तवाच समजलं,” असं ती पुढे सांगायची. तिथून चौदा महिने तिने आबांसमोर काहीच माहीत नसल्याचं सोंग केलं. आबांनीही तिच्यासमोर तेच केलं असावं, असा माझा अंदाज. या चौदा महिन्यांसाठी ना सुतक होतं, ना डबे, ना गळ्यात पडणारी कोणी.

*

मरणाआधीच सुरू होणाऱ्या या दुःखाला वैद्यकात पहिल्यांदा नाव मिळालं ते एका आगीमुळे.

२८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री अमेरिकेतल्या बोस्टन शहरात कोकोनट ग्रोव्ह नावाचा नाइटक्लब जळाला. ४९२ माणसं मेली. शहरातल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एरिक लिंडेमान नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. आगीतून वाचलेल्या आणि आपलं माणूस गमावलेल्या लोकांशी ते बोलत बसले. त्या गाठीभेटींतून आणि इतर काही रुग्णांवरून त्यांनी १९४४ साली एक निबंध लिहिला. एकूण १०१ माणसांची पाहणी. घसा आवळणं, सारखे उसासे, पोटात खड्डा पडल्यासारखं वाटणं, अंगातली ताकद गेल्यासारखं होणं, आणि ‘मी अजून काही करायला हवं होतं’ हा पाठ न सोडणारा विचार. वाचताना मला आमच्या अंगणातल्या बाया दिसल्या.

त्याआधी, १९१७ साली, फ्रॉइडने शोक हा आजार नाही, त्यासाठी कोणाला डॉक्टरकडे पाठवायची गरज नाही, काळ जाऊ द्यावा, अशा अर्थाचं लिहून ठेवलं होतं. लिंडेमान यांचं म्हणणं थोडं वेगळं. शोक हे काम आहे, ते करावं लागतं, काहींचं ते अडकतं, आणि अडकलेल्याला चार-सहा आठवड्यांत आठ-दहा बैठका घेऊन मोकळं करता येतं. दुःखावरची थेरपी ही कल्पना आजच्या रूपात साधारण इथून सुरू होते.

निबंधाच्या शेवटी-शेवटी त्यांनी एक छोटी नोंद केली आहे आणि माझ्या मते सगळ्या निबंधात तीच सर्वांत धारदार आहे. दुसरं महायुद्ध चालू होतं. नवरा आघाडीवर, तो परत येणार नाही या भीतीने बायको रोज थोडं-थोडं रडून घेते, त्याच्याशिवायचं जगणं मनात मांडून पाहते. आणि एक दिवस तो जिवंत परत येतो. लिंडेमान यांच्याकडे आलेल्या एका सैनिकाची तक्रार होती की बायकोचं आता माझ्यावर प्रेम राहिलं नाही, ती घटस्फोट मागते. तिने त्याचं दुःख आधीच इतकं पूर्ण करून टाकलं होतं की त्याला परत जागाच उरली नव्हती. या आगाऊ दुःखाला लिंडेमान यांनी नाव दिलं आणि त्यात धोका आहे असंही सांगितलं.

आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्याचं हेच होतं, फक्त इथे सैनिक घरातच असतो. तो समोर पडलेला असतो आणि त्याच्याशिवायचं घर मनात तयार होत असतं. आबांच्या शेवटच्या महिन्यात आजीने एकदा मला विचारलं होतं, विधवा पेन्शनला कोणते कागद लागतात. विचारलं आणि पदर तोंडाला लावला. मी तेव्हा कॉलेजात होते, मला राग आला होता. लिंडेमान मी खूप उशिरा वाचले.

*

पुढची तीस-पस्तीस वर्षं वैद्यकाचं लक्ष मरणाऱ्या माणसाकडे होतं आणि ते यायलाच हवं होतं. १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. त्या आधी नर्स, मग समाजसेविका, आणि शेवटी डॉक्टर झालेल्या. वेदना फक्त शरीराची नसते, पैशाची, मनाची, नात्यांचीही असते, हे त्यांनी ठासून सांगितलं. त्यांच्याबरोबर काम करणारे कॉलिन मरे पार्क्स यांनी तिथेच मृत्यूनंतर कुटुंबाला भेटायला जाणाऱ्या स्वयंसेवकांची व्यवस्था उभी केली. म्हणजे रुग्ण गेला तरी दवाखान्याचं काम संपत नाही, हे पहिल्यांदा कामाच्या पद्धतीत बसलं.

दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचं पुस्तक आलं. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. या पाच पायऱ्या तुम्ही एखाद्या रीलमध्ये नक्की पाहिल्या असतील, बहुतेक ब्रेकअपच्या संदर्भात. मूळ पुस्तकात त्या मरणाऱ्या रुग्णांबद्दल होत्या. मागे राहणाऱ्यांच्या गळ्यात त्या नंतर पडल्या, आणि आता पायऱ्या क्रमाने चढल्या नाहीत म्हणून स्वतःला दोष देणारेही भेटतात.

उशाशी बसलेल्याकडे थेट बोट दाखवलं ते १९७९ मध्ये, अल्फ्रेड फेंगलर आणि नॅन्सी गुडरिच या दोन अमेरिकी संशोधकांनी. अपंग झालेल्या वृद्ध पुरुषांच्या बायकांशी ते बोलले आणि त्या बायकांना त्यांनी ‘छुपे रुग्ण’ म्हटलं. दवाखान्यात केसपेपर नवऱ्याचा निघतो, तपासायला हवी अशी दुसरी व्यक्ती पिशवी धरून शेजारी उभी असते. आम्ही चौदा महिन्यांत दवाखान्याच्या किती खेपा केल्या त्याचा हिशोब नाही. एकाही खेपेत कोणी आजीचं बीपी मोजलं नाही. आम्हीही म्हटलं नाही की मोजा.

मग आकडे आले. १९९९ मध्ये रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी जोडीदाराचं करणाऱ्या वृद्धांचा चार वर्षांचा अभ्यास छापला. ज्यांच्यावर या कामाचा ताण होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण असं काही न करणाऱ्या वृद्धांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. हा आकडा खूप गाजला. नंतरच्या काही अभ्यासांनी सांगितलं की सरसकट तसं नाही, सेवा करणारे कित्येकदा उलट जास्त जगतात. दोन्ही खरं असू शकतं: माणसाला मारतो तो ताण, सेवा नव्हे. ज्याला मदतीचा हात आहे, झोप आहे, रुग्णाचं दुखणं आटोक्यात आहे, त्याला आपल्या माणसाचं केल्याचं समाधान पुरतं. ज्याला यातलं काहीच नाही तो खचतो.

आणि २००३ मध्ये शुल्झ यांच्याच गटाचा आणखी एक अभ्यास आला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं वर्षानुवर्षं करणारे, आणि नंतर ते माणूस गमावलेले २१७ जण. त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं की मरणाने रुग्णाची सुटका झाली. ७२ टक्के म्हणाले, माझीही झाली. नैराश्याची लक्षणं मृत्यूच्या आधी सर्वांत जास्त होती, नंतर बहुतेकांमध्ये वर्षभराच्या आत ती बरीच उतरली.

७२ टक्के. हे वाचलं तेव्हा मी नागपूरच्या बसमध्ये होते, मोबाइलवर. आजीला हे कोणी सांगितलं असतं तर, एवढंच मनात आलं. जे ती तेरवीच्या रात्री भिऊन बोलली, ते दर चारपैकी जवळपास तीन माणसं बोलतात, आणि ती नवऱ्यावर माया असलेलीच माणसं असतात.

*

आपल्याकडे नातेवाईक दवाखान्यात पहिल्यापासून होतेच. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या घरच्यांना त्यांच्यासोबत राहायला बोलावलं. जगभर मनोरुग्णांना घरापासून तोडून भिंतीआड ठेवत असताना हे मोठं धाडस होतं, आणि रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. पण कुटुंबाकडे पाहण्याची आपली सवयही तेव्हापासून तीच राहिली आहे: नातेवाईक म्हणजे मदतीचा हात. सलाईन संपलं की सांगायला, रक्त आणायला, फाइल घेऊन पळायला. त्या हातालाही काही होत असेल, हे मागेच राहिलं.

देशातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत निघालं, १९८६ मध्ये, बांद्र्याचं शांती आवेदना सदन. डॉ. लुईस डिसोझा यांनी ते सुरू केलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९८५ ला, अमली पदार्थांचा कायदा झाला होता आणि त्याच्या परवान्यांच्या जंजाळात मॉर्फिन अडकलं. १९९७ पर्यंत एवढ्या मोठ्या देशात वैद्यकीय कामासाठी वर्षाला जेमतेम १८ किलो मॉर्फिन वापरलं जात होतं. या विषयात मॉर्फिन कशाला, असं वाटेल. रात्रभर कण्हणाऱ्या माणसाशेजारी बसून ज्याने काढली आहे त्याला विचारा. त्याचं पुढचं सगळं दुःख त्या आवाजाभोवती गोळा होतं. जाणाऱ्याचं दुखणं थांबवणं हा मागे राहणाऱ्यावरचाही उपचार आहे, आणि तो मरणाआधीच करता येतो. कायदा सोपा व्हायला २०१४ उजाडलं.

मधल्या काळात केरळने वाट काढली. १९९३ मध्ये कालिकतला डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि मंडळींनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली. पुढे त्यातून गल्लीतल्या लोकांनीच चालवायचं जाळं उभं राहिलं: शिक्षक, दुकानदार, कॉलेजची पोरं आठवड्यातून काही तास देणार, नर्ससोबत घरोघर जाणार. रुग्णाला पाहायला गेलेला माणूस त्याच्या बायकोशीही दोन शब्द बोलतोच, त्यामुळे उशाशी बसलेली बाई तिथे आपोआप नजरेत आली. २००८ मध्ये केरळने धोरण केलं, २०१२ मध्ये महाराष्ट्राने आणि त्याच वर्षी केंद्राने राष्ट्रीय कार्यक्रम आणला. कागदावर त्यात कुटुंबाचा मानसिक आधारही आहे.

आमच्याकडे हे सगळं एका भगिनीच्या रूपात आलं. ती कोणत्या योजनेतली होती मला आजही माहीत नाही, दोनदाच आली. तिने आजीला मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून जखमेवर टाकायला शिकवलं. वास कमी झाला. त्या दिवसापासून आजी परत आबांजवळ बसून जेवू लागली. थेरपी म्हणाल तर चौदा महिन्यांत तिला मिळालेली ती एवढीच.

*

यवतमाळला दुःखावरच्या उपचारांबद्दल काहीच माहीत नाही, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. या जिल्ह्याइतका शोक महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी मोजला, छापला आणि चर्चिला गेला आहे. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे १९ मार्च १९८६ ला बायको-मुलांसह गेले. तिथपासून यवतमाळ म्हटलं की शेतकरी आत्महत्या, हे समीकरण झालं. सरकारने २०१५ मध्ये यवतमाळ आणि उस्मानाबादसाठी बळीराजा चेतना अभियान आखलं. त्याच सुमारास विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आला: आशाताई घरोघर जाऊन काही ठरावीक प्रश्न विचारणार, कोणी निराश दिसलं तर पुढे पाठवणार, १०४ वर फोन करून बोलता येणार.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तर याआधीच ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रयोग झाला होता. गावातल्याच माणसांना शिकवून नैराश्य ओळखायचं, बोलायचं, गरज असेल तर डॉक्टरकडे न्यायचं. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात २७.२ टक्के झाले. कापसाच्या पट्ट्यात मनाबद्दल कोणी बोलणार नाही, हा समज त्या आकड्याने मोडला.

मग नाटक. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी बसवलेलं ‘तेरवं’. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकाच त्यात उभ्या राहिल्या. त्यातल्याच एक, यवतमाळ जिल्ह्यातल्या वैशाली येडे, यांनी ११ जानेवारी २०१९ ला यवतमाळच्या ९२ व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्याचा वाद तेव्हा पेटलेला होता, त्यामुळे बातम्यांत तोच भाग राहिला. मला वेगळं दिसतं. तेरा दिवसांत जे बोलू दिलं गेलं नाही ते हजार माणसांसमोर, आपल्याच बोलीत, पुन्हा पुन्हा बोलणं: याला कोणी थेरपी म्हटलं नाही, पण आज दीर्घ शोकावर जी थेरपी दिली जाते तिचा गाभा याच्या फार जवळचा आहे.

ती थेरपी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या कॅथरीन शिअर यांनी घडवली. सोळा बैठका. माणूस डोळे मिटून त्या मरणाची गोष्ट सांगतो, ती रेकॉर्ड होते, घरी जाऊन तो ती ऐकतो, पुढच्या वेळी पुन्हा सांगतो. गेलेल्याशी मनातल्या मनात बोलायचं, त्याच्या बाजूने उत्तरही आपणच द्यायचं. आणि या सगळ्याबरोबर पहिल्यापासून एक साधा प्रश्न: तुला स्वतःला आता काय करावंसं वाटतं? २०१४ मध्ये त्यांनी पन्नाशीच्या पुढच्या १५१ शोकग्रस्तांवर केलेला अभ्यास छापला. सरासरी वय ६६. या पद्धतीने ७० टक्के लोकांना स्पष्ट फरक पडला, नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या इंटरपर्सनल थेरपीने ३२ टक्के. म्हातारपणी कसलं समुपदेशन, या वयात माणूस बदलत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा लक्षात ठेवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजार-यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, लांबलेल्या शोकाला स्वतंत्र जागा आहे: किमान सहा महिने उलटूनही माणूस त्यातच रुतलेला असेल तर. अमेरिकेच्या यादीत हीच मर्यादा बारा महिन्यांची. रडण्यालाही आजार करून टाकलं, अशी टीका यावर झाली आणि ती अगदीच खोटी नाही. मला गंमत वाटते ती बाराची. वर्षश्राद्धापर्यंत थांबा, मग बघू, हे आमच्या गावात कोणीही सांगितलं असतं.

तर जिल्ह्यात आशाताई आहे, प्रश्नावली आहे, फोन नंबर आहे. २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. पण हे सारं उभं राहिलं ते कर्त्या शेतकऱ्याला वाचवायला आणि नंतर त्याच्या बायकोकडे पाहायला. अडुसष्ट वर्षांची बाई, नवरा कॅन्सरने बाजेवर, कर्ज असलं तरी ते मुलाच्या नावावर. ती या चौकटीत कुठे बसते? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या पावणेअठ्ठावीस लाखांच्या आसपास, त्यातले अठ्ठ्याहत्तर टक्के खेड्यात. कमावती पोरं पुण्या-नागपुरात. घरोघरी एक म्हातारा दुसऱ्याचं करतो आहे.

शिवाय ती बाई ‘मी दुःखी आहे’ असं म्हणत नाही. “डोकं जड रायते”, “छाती भरून येते”, “लय इचार येते”, असं म्हणते. झिम्बाब्वेतही लोक असंच बोलतात. तिथल्या शोना भाषेत याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने २००६ मध्ये हरारेत नेमका हाच शब्द उचलला, चौदा आज्यांना शिकवलं आणि दवाखान्याबाहेर लाकडी बाक टाकले. आजी बाकावर बसणार, येणाऱ्याचं ऐकणार, मग दोघी मिळून एकच प्रश्न निवडून त्यावर काय करता येईल ते ठरवणार. दहा वर्षांनी ५७३ जणांच्या चाचणीचे निकाल छापले गेले आणि ते भक्कम होते. औषध नाही, सोफा नाही, डिग्री नाही. म्हाताऱ्या बाईला ऐकणारी दुसरी म्हातारी बाई.

आमच्याकडे हे नव्हतंच असंही नाही. जात्यावर बसणाऱ्या दोघी जणी होत्या. हेमा राईरकर आणि गी पोईतव्हाँ यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या घरात आहेत, आणि त्यांत सासर, भूक, आजारपण, मरण सगळं आहे. गावोगाव पिठाची गिरणी आली, हात सुटले, बायांचे पहाटेचे दोन तास वाचले. आजी त्या गिरणीला देव मानायची. जातं परत यावं असं तिला कधीच वाटलं नाही, मलाही वाटत नाही. फक्त दोघींनी समोरासमोर बसायची ती वेळ गेली, तिच्या जागी दुसरी आली नाही.

*

आबा गेल्यावर कित्येक महिने आजीला रात्री दोनला जाग येत राहिली. कूस बदलायची वेळ. उठायची, रिकाम्या बाजेकडे पाहायची, पाणी पिऊन झोपायची. भूक लागत होती, शेतावर चक्कर व्हायची, बचत गटाच्या बैठकीला जाऊ लागली होती. डॉक्टरी यादीनुसार तिला कोणताच आजार नव्हता. पण ‘मीबी सुटली’ हे ती मला परत कधी म्हणाली नाही, आणि मीही तो विषय काढला नाही. काढायला हवा होता. तेवढं तर मला तेव्हाही कळायला हवं होतं.

दुसऱ्या वर्षी गल्लीच्या टोकाच्या घरात एकाला लकवा झाला. त्यांची बायको आजीपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. मी सुट्टीला गेले तेव्हा आई म्हणाली, आजी रोज दुपारी तिकडे असते. मी बोलवायला गेले. आत आजोबा झोपलेले होते आणि मागच्या पडवीत दोघी खाली बसलेल्या, मध्ये तुरीच्या डाळीचं सूप. निवडणं थांबलेलं होतं. ती बाई काहीतरी हळू आवाजात सांगत होती आणि आजी मान हलवत होती. मला पाहिलं तशी आजीने हातानेच खूण केली, जा, येते मी.

ती दिवेलागणीला आली. काय बोलत होता म्हणून विचारलं तर म्हणाली, “डाळ निवडत होतो.”